आंब्याच्या जागी रेल्वे

न्युरेम्बर्ग

ती. दादा,
कुसुमचा वाकून नमस्कार. मी बरी आहे. गुडघा दुखतो ते पुष्करला सांगितलेलं नाही, तूही फोनवर सांगू नकोस. वहिनींचा खोकला थांबला का?

माझं शेत रेल्वेला द्यायचं का, असं विचारलंस. ह्यांची रक्षा ज्या आंब्याखाली घातली, तोही जाईल म्हणतोस.

वाचनालयातून अमेरिकेतल्या जुन्या रेल्वेचं पुस्तक आणलं. दीडशे वर्षांपूर्वी तिथल्या लोकांना ती का हवी होती? व्यापाऱ्यांना माल न्यायचा होता, सरकारला सैन्य. साध्या माणसांचा बैलगाडीचा सहा महिन्यांचा प्रवास आठवड्यावर येणार होता. तोवर वाटेत आपली माणसं पुरत पुढे जावं लागायचं.

मला आपली जीप आठवली. इस्पितळ चार तासांवर होतं. हे तिसऱ्या तासाला गेले.

पुष्कर म्हणतो, "आई, झाड काय, दुसरं लावू." नात अन्वीने मात्र ते पुस्तक बघून जर्मनमध्ये विचारलं, "तिथे आधी राहणाऱ्यांना विचारलं होतं का?" नव्हतं, दादा. त्यांना हुसकावून लावलं.

तू मला विचारलंस. सही केलेला कागद सोबत आहे. झाड पाडतील त्या दिवशी तिथे उभा राहा. ह्यांना एकटं ठेवू नकोस.

तुझी धाकटी,
कुसुम