मिटायचं राहिलेलं डोकं

१२ जानेवारी
जपानमधल्या कानाझावात बर्फ आहे, पण प्रयोगशाळा उबदार आणि माणसं गमतीशीर. शस्त्रक्रियेत गाठ काढायला कवटी उघडली की मेंदू खाली बसतो, आणि सर्जनकडचं आधीचं चित्र खोटं ठरतं. मेंदू कुठे, किती सरकेल हे संगणकाने सांगायचं, हे आमचं काम. संध्याकाळी माझ्या स्वागताला कॉड माशाचं शिराको, म्हणजे नराच्या वीर्याच्या पिशव्या, मागवलं होतं. पांढऱ्या, ओलसर वळ्या, थेट मेंदूच! माझे वरिष्ठ कुरामोची-सान म्हणाले, मियोशी, हे खाल्ल्याशिवाय इथे खुर्ची मिळत नाही हं. कसंबसं गिळलं.

१४ जानेवारी
इथली रीत अशी की नव्या माणसाने आपल्या डोक्याचा स्कॅन द्यायचा. प्रोग्राम आधी त्याच्यावर चालवतात. दिला. कुरामोची-साननी पडद्यावर माझी कवटी उघडली, मेंदूभोवतीचं पाणी काढलं. माझा मेंदू शिळ्या टोफूसारखा बसत गेला. सगळे हसले, मीही हसले. किळस मात्र आली.

१७ जानेवारी
सकाळपासून नाकातून पाणी गळतंय. सर्दी नव्हे, खारट, पातळ. जेवायला वाकले तर मिसो सूपच्या वाटीत टपकलं. शी! उभी राहिले की डोकं आतून खाली ओढलं जातं.

१९ जानेवारी
प्रोग्राम थांबवलाय, तरी पडद्यावर माझा मेंदू बसतोच आहे. इथे रुमाल भिजतो, तिथे पाणी उतरतं. प्रमुख उनो-सेन्सेईंना विनवलं, माझं डोकं बंद करा. ते म्हणाले, अगं, आपण फक्त उघडायचं लिहिलंय. बंद करणं सर्जन बघतात. फारच त्रास होत असेल तर तुझा स्कॅन पुसून टाक. पुसलं तर माझं काय होईल? हात धजला नाही.

२० जानेवारी
बंद करायचा भाग मीच लिहितेय. उशीवर पिवळट डाग, मासळीचा वास. स्वतःच्याच डोक्याची शिसारी येते.

२१ जानेवारी
लिहून झालं. उठवत नाही, म्हणून कुरामोची-सानना पाठवलं. चालवा म्हटलं.
त्यांचा फोन आला. खुशीत होते. म्हणाले, झालं बंद! गाठ काढल्याशिवाय प्रोग्राम पुढेच जाईना. तुझ्यात गाठ कुठली? मग मीच एक जागा दाखवली. डावीकडे, लहानसा तुकडा —
डावीकडे तर बोलणं असतं. ओरडायला गेले — शब्द —

पाणी थांबलं. आता नाकातून पांढरं. मऊ. ओंजळीत धरलंय —
शी — याला काय — याला —
मी या