क्वार्टरची सिद्धता

५ जानेवारी १९८७
—आणि अकराव्या नियमावर चिकटवलेली दुरुस्तीची चिठ्ठी किटलीच्या वाफेवर अखंड सुटली. खालचा जुना नियम शाबूत. दोन्ही कॉम्प्युटरच्या प्रोग्रामात घालणार. आधार जितके जास्त, तितकी सिद्धता पक्की.

सरकारी क्वार्टरचे एकेचाळीस नियम. प्रत्येकाचं समीकरण. खरं म्हणजे एक, खोटं म्हणजे शून्य, ‘आणि’ म्हणजे गुणाकार. मग ‘मला क्वार्टर मिळत नाही’ असं धरायचं. शेवटी एक बरोबर शून्य निघालं, की मिळतं हे सिद्ध.

मालकाने ही बरसाती, गच्चीवरची खोली, महिनाअखेर रिकामी करायला सांगितलीय. पद्मजा म्हणाली, अहो, आधी फॉर्म भरा, पंधरा शेवटची तारीख. ती स्वतः सरकारात यूडीसी, म्हणजे वरिष्ठ लिपिक. फॉर्मपलीकडे काही सुचत नाही.

९ जानेवारी
कॉम्प्युटर रूमबाहेर बूट काढून पाच तास. आत एसी. सर्दी.

१२ जानेवारी
एक बरोबर शून्य! मिळतं.

शेजारच्या टेबलावरच्या दिनकरने स्वतःचं नाव घातलं. त्यालाही मिळतं. नोकरीला चार महिने झालेत त्याला. मग कुतुबमिनार घातला. त्यालाही मोठं, टाइप-फोर क्वार्टर. म्हणाला, यार भालचंद्र, शेजार उंच मिळाला तुला.
मत्सर.

१४ जानेवारी
संक्रांत. महाराष्ट्र मंडळाची बस पानिपतच्या स्मारकाला, काला अंबला गेली. मला वेळ नाही.

सकाळी हातावर तिळगूळ ठेवून पद्मजाने विचारलं, जुना नियम आणि त्याचीच दुरुस्ती, दोन्ही खरे कसे? ‘मिळत नाही’ हे न धरता चालवून बघा. नुसत्या नियमांतूनच एक बरोबर शून्य येत असेल, तर वाटेल ते सिद्ध होईल.

ऑफिसात चालवलं. आलं. म्हणजे आता गृहीतसुद्धा लागत नाही! वेळ निम्मा.
घरी सांगितलं. म्हणाली, आज गोड बोलायचं असतं म्हणून गप्प बसते.

१५ जानेवारी
पाचला खिडकी बंद. फॉर्म ड्रॉवरमध्ये कोरा. अठ्ठावीस पानी सिद्धता रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली. वाचतील.
पद्मजा उशिरा आली. कारण विचारलं नाही. कामात होतो.

२८ जानेवारी
उद्या यादी. नेमप्लेट करायला टाकली. माझं एकट्याचंच नाव. पाटी लहान आहे.

३० जानेवारी
काल यादी लागली. माझं नाव नाही.
क्रमांक सतरा : श्रीमती पद्मजा, यूडीसी. टाइप-टू. तिच्या फॉर्मची प्रत पाहिली. कुटुंबातील सदस्य : पती, एक.
सतरा कसा आला, हे नियमांतून काढून बघायला हवं.

३१ जानेवारी, सकाळ
नऊला टेम्पो आला. ट्रंका मी उतरवल्या. किल्ली तिच्या पर्समध्ये. वाटेत पद्मजाने नेमप्लेटच्या दुकानाशी टेम्पो थांबवला. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसून राहिलो.