सत्तेचाळीस नंबरचा जॉब

३ जानेवारी १९७२, सोमवार
नव्या वर्षाचे संकल्प. (दोन दिवस उशीर झाला, पण शनिवार-रविवारी कोण संकल्प करतं?) पहाटे पाचला उठणे. मशीन ड्रॉइंग रोज एक तास. फिटिंगचा जॉब पंधरवड्यात पुरा करणे.
जॉब किरकोळ आहे. लोखंडाचे दोन तुकडे, एकाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारा दात. कानशीने घासून इतके चपखल बसवायचे, की जोडून खिडकीशी धरले तर मधून उजेड दिसता कामा नये. वीस तारखेला द्यायचा. नाही दिला तर टर्म नाही, म्हणजे वर्ष गेलं. माझ्या बाबतीत हा प्रश्न येत नाही.

५ जानेवारी, बुधवार
साडेसातला उठलो. थंडी.
भालसिंग सरांनी माझा जॉब उजेडाला धरला. म्हणाले, रंगनाथ, यातून समोरचं चिंचेचं झाड दिसतंय. सगळा वर्ग हसला. वर्ग म्हणजे एकोणीस जण. कॉलेज लहान असल्यामुळे सगळ्यांना सगळ्यांचं माहीत. सर म्हणाले, रोज चारनंतर ये, मी थांबतो, शिकवतो. मोठ्या कॉलेजात असं कोणी थांबत नाही, मान्य. पण चार ही माझी चहाची वेळ.

८ जानेवारी, शनिवार
शांतपणे विचार केला. कानस घासणं हे इंजिनियरचं काम नव्हे. इंजिनियरने डोकं चालवायचं. आकडेमोडीचा स्लाइड रूल खिशातून अर्धा बाहेर ठेवून कापडबाजारातून दोन चकरा मारल्या. एकाने वळून पाहिलं.

११ जानेवारी, मंगळवार
काल सर माझ्यासाठी चार ते सहा वर्कशॉपमध्ये थांबले होते म्हणे. मी विसरलो. विसरलो नाही, कॅरमचा डाव रंगात आला होता. उद्यापासून नक्की.
दात जास्त घासला गेला, खाचेत खुळखुळतो. नवे तुकडे मागितले. सरांनी न रागावता दिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत
घरी, नेवासा तालुक्यात. गूळपोळ्या खाताना एकदम युक्ती सुचली. अण्णा, म्हणजे माझे वडील, एकवीस वर्षं साखर कारखान्यात फिटर आहेत. त्यांना सांगितलं, आमच्या सरांना एका चांगल्या फिटरच्या हातचा जॉब नमुना म्हणून हवाय. यात खोटं फारसं नाही. चांगला जॉब सरांना हवाच आहे.
अण्णांनी हातातली पोळी ताटात ठेवली. मग म्हणाले, तुज्या सरांला माजं काम पायजे? मी हो म्हणालो. सरांकडून आणलेले कोरे तुकडे पिशवीतून काढून दिले.

१६ जानेवारी, रविवार
गाळप जोरात चालू आहे, तरी पाळी सुटल्यावर दोन दिवस अण्णा मागे थांबले. जॉब स्वच्छ फडक्यात गुंडाळून दिला. मी दारात जाऊन उजेडाला धरला. काही दिसत नाही. मागच्या बाजूला ४७ ठोकलेलं, अण्णांचा बिल्ला नंबर. म्हणाले, मनाजोगं काम झालं तरच नंबर ठोकतो, औंदा हा पयलाच. सरांला म्हनावं, काय उनं आसंल तर कळवा.
एसटीत फडकं एकदाही सोडून पाहिलं नाही. गर्दी फार होती.

१८ जानेवारी, मंगळवार
अडचण. जॉबवर आपला रोल नंबर ठोकावा लागतो, माझा १४. जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपमध्ये कोणी नव्हतं. ४७ घासून काढला. चार लगेच गेला, सात जाता जाईना. तिथे थोडा खड्डा पडला, पण मागची बाजू कोण बघतो? वर १४ ठोकला. इतकं मन लावून कानस मी वर्षात पहिल्यांदाच चालवली.

२० जानेवारी, गुरुवार
सरांनी जॉब उजेडाला धरला. बराच वेळ. मग उलटा करून अंगठा फिरवला. मला एकट्याला ऑफिसात नेलं. म्हणाले, मागची बाजू तू घासलीस. तुझा हात मी ओळखतो, डावीकडे उतरतो. बाकीचं कोणी केलं?
एकोणीस जणांच्या वर्गाचा हा तोटा. सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता कॉलेजातून काढणार. सरांनी उलट महिन्याची मुदत दिली. म्हणाले, वडिलांना नमुन्याचं जे खोटं सांगितलंस ते आता खरं कर. त्यांना बोलाव. मुलांना हे काम त्यांच्याच हातून बघू दे.
दुसरी कुठलीही शिक्षा चालली असती.

२९ जानेवारी, शनिवार
अण्णा आले. कडक धुतलेली टोपी, हातात स्वतःची कानस. सरांनी खुर्ची दिली, बसले नाहीत. पोरं भोवती उभी. अण्णांनी जॉब हातात घेतला, उलटा केला. अंगठा खड्ड्यावर थांबला. १४ वाचलं. माझ्याकडे पाहिलं नाही. वर्गातल्या छगनने विचारलं, काका, मागं हे असं का झालंय? अण्णा म्हणाले, माजीच कानस घसरली आसंल. वय झालं आता.
लाज वाटली. आजवर कधी वाटली नव्हती एवढी. पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेलो आणि नळावर तोंड धूत राहिलो.
स्टँडवर म्हणालो, अण्णा, चुकलं. ते म्हणाले, नंबर पुसायचाच हुता तर मला सांगायचं. म्या नीट पुसून दिला आस्ता.

१८ फेब्रुवारी, शुक्रवार
तीन आठवडे रोज चार ते सहा. चहा बंद. आज माझा जॉब झाला. उजेड दिसतो, झाड दिसत नाही. पंचवीसपैकी नऊ. पास.
अण्णांचा जॉब काचेच्या कपाटात राहणार. त्यावरचा माझा १४ सरांनी स्वतः काढला. ४७ ठोकायला मात्र मला सांगितलं.
सात वाकडा आला.