पोर्टल चालू राहिलं

शिरूर, मंगळवार, २००६

आज कंपनीचं पोर्टल क्षणभरही बंद पडलं नाही. पहिला सर्व्हर बंद पडला आणि दुसऱ्यानं आपोआप काम उचललं. ती जोडणी माझीच. साहेब म्हणाले, "म्हणूनच तुला रजा देता येत नाही. तुझ्या जागी बसवू कुणाला?"

संध्याकाळी दौंडच्या दवाखान्यातून ताईचा फोन आला. आमचे वडील, आबा, तिथं कालपासून दाखल होते, माझी वाट बघत होते. मी म्हटलं, "उद्या नक्की येतो. आबांना फोन दे."

"आता ते कुणालाच वळखत न्हाईत रं. सकाळपर्यंत तुझंच नाव घेत व्हते."

सकाळी मी काय करत होतो? दुसरा सर्व्हर पुन्हा तपासत होतो. तो आपोआप चालू होतो, हे मला माहीत होतं. तरी खुर्चीवरून उठलो नाही.

उद्या जाईन. पण आता आबांना काय सांगू, मी कोण?