दोर एका गावाला, पोहरा दुसऱ्या गावाला

अप्पा,

आज सकाळपासून स्वयंपाकघरात फरशीवर डाळी मांडून बसले आहे. गुडघे कुरकुरायलेत, तरी ओट्यावर मांडावंसं वाटलं नाही. तुम्ही खालीच मांडायचात. आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांची वर्षाची जत्रा जवळ आली की आईच्या डब्यांतनं तूर, उडीद, मूग, हरभरा, मूठमूठ काढायचात नि जमिनीवर ओळी धरायचात. हे दाणे अमक्या गावची मंडळी, ते दाणे तमक्या गावची. मधलं लिंबू म्हणजे उपासनेचा मांडव, पालथी वाटी म्हणजे आड. हुलसूरच्या वाटेवरच्या त्या आंब्याच्या रानात गावंच्या गावं बिऱ्हाड घेऊन यायची, नि कोण कुठं उतरणार, लाकडं कुणाची, कोण कुणाला वाढणार, हे सगळं आधी आमच्या फरशीवर ठरायचं. आई पदर खोचून ओरडायची, "माझं सामान रानभर पसरलाव, आता शिजवू काय, तुमचं डोस्कं?" मग त्या दिवशी सगळ्या डाळी एकाच पातेल्यात पडायच्या. त्या वरणाची चव मला नंतर कुठं मिळाली नाही.

सगळ्या मंडळ्यांचा कारभार बघणारे सुपरिंटेंडंट साहेब म्हणून सगळा जिल्हा तुम्हाला मान द्यायचा, पण तुमचं प्रवचन म्हणजे देवा रे देवा! राजेश्वर गावाकडच्या म्हाताऱ्या तर तुम्ही उभे राहिलात की भिंत बघून टेकायच्या. "साहेब मानूस सोन्याचा, पन आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठनं येनार," असं लोक आमच्यासमोरच बोलायचे. मला राग यायचा नि पटायचंही. एकदा जत्रेच्या चटया उन्हात झटकत होता तेव्हा मी विचारलंच, "अप्पा, तुम्ही देवाचं काम कधी करणार? दिवसभर नुसत्या चटयाच झटकायलाव." तुम्ही चिडला नाहीत. चटई अंथरलीत, मला दंडाला धरून बसवलंत नि म्हणालात, "उभ्या मान्साला भाकर वाढता येती का गं? प्रभूनं बी आधी मान्सं गवतावर पंगतीनं बसीवली, मग भाकर मोडली. मोडलेलं समद्यांस्नी दिसतंय. बसीवलेलं कोन बघतंय?" एवढं बोलून दुसरी चटई उचललीत. मला तेव्हा ते उत्तर म्हणजे पळवाट वाटली होती.

त्याच वर्षीची जत्रा. नदीपलीकडच्या गावातली मुलगी माळावरच्या गावात द्यायची ठरलेली, नि लग्न तोंडावर आलेलं असताना मुलाकडच्यांनी मोडलं. दोन्ही मंडळ्या एकमेकांच्या मयतीलाही जाईनात. मुलीच्या आईनं निरोपच धाडला होता की त्या लोकांबरोबर प्रभुभोजनाची भाकर घ्यायला आपण गुडघा टेकणार नाही. आणि तुम्ही काय केलंत, तर तूर नि उडीद, म्हणजे हीच दोन गावं, शेजारी शेजारी मांडलेत, तेही पालथ्या वाटीला खेटून. आई म्हणाली, "आग लागंल की." तुम्ही म्हणालात, "म्हनूनच आडाजवळ ठेवलो." मग निरोप गेले. नदीपलीकडच्यांनी आडाचा दोर आणायचा, माळावरच्यांनी पोहरा. बाकी कुठल्याच गावानं दोर-पोहरा आणायचा नाही. निरोप घेऊन जाणारा माणूस परत येऊन म्हणाला, "साहेब, कायतरी चुकलंय." तुम्ही म्हणालात, "जा की रे."

तो दिवस मला आजही समोर दिसतो. सकाळची उपासना चाललीय. बाहेरगावचे मोठे प्रवचनकार समेटावर बोलतायत, आणि काय बोलतायत! बायका रडतायत, बाप्ये उपरण्यानं डोळे पुसतायत. मुलीची आईसुद्धा रडतेय. उपासना संपते, माणसं आपापल्या बिऱ्हाडात जातात, नि मुलीची आई दोरावरच बूड टेकून बसते. समोर मुलाचा बाप पोहरा मांडीत धरून. ऊन चढतं. कोरड्या घागरी आडाभोवती जमतात. लहान लेकरांसाठी आईनं आमच्या तंबूत रांजण आदल्या दिवशीच भरून ठेवले होते, तुमच्या सांगण्यावरून. मोठ्यांना मात्र थेंब नाही. "साहेब, पानी!" लोक ओरडतायत. तुम्ही आडाच्या काठावर छत्री उघडून बसलेले. "दोर तिकडं हाय, पोहरा इकडं हाय," तुम्ही सांगताय, "म्या काय करू?" कुणीतरी म्हणतं, साहेबांना एवढी साधी व्यवस्था जमंना, कशाला खुर्ची उबवायलेत? मी रागानं तुमच्याजवळ येते, नि जवळ आल्यावर मला दिसतं की तुमचे ओठ हलतायत. तुम्ही प्रार्थना करताय. ओठ पार सुकलेत, साल निघालीय. आईनं रांजणातला तांब्या पाठवला होता, तो तुमच्या पायाशी तसाच भरलेला आहे.

मग ती बाई उठली. दोर खांद्यावर टाकून तरातरा आली नि मुलाच्या बापासमोर उभी राहिली. "आना तो पोहरा. तोंड बघायला आले न्हाई तुमचं, पानी काढायला आले." तो माणूस मान खाली घालून उठला. तिनं दोराचं टोक धरलं, त्यानं पोहरा बांधला. हात लागले एकमेकांचे. पहिला पोहरा वर आला तेव्हा तो म्हणाला, "अक्का, आधी तुमी प्या." ती म्हणाली, "साहेबास्नी द्या आधी, मेलं म्हातारं तहानंनं." नि सगळं रान हसलं, अप्पा. तुम्हीही ओंजळीनं पाणी पिता पिता हसत होता नि ठसका लागला होता. संध्याकाळी प्रभुभोजनाला ती दोघं एकाच चटईवर गुडघे टेकून होती. हे देवाच्या वचनानं झालं नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण त्या वचनाला उतरायला कुणीतरी जागा करून ठेवली होती, डाळीच्या दाण्यांनी, फरशीवर, आईच्या शिव्या खात. शेवटच्या दिवशी हार प्रवचनकारांच्या गळ्यात पडला. तुम्ही तेव्हा चटया गुंडाळत होता.

आता तुमचीच सुपरिंटेंडंटची खुर्ची मला देऊ केलीय. रविवारच्या आत बिशपांना उत्तर द्यायचंय. खुर्ची घेतली तर पाळक म्हणून सांभाळलेली माझी मंडळी सोडावी लागेल नि व्यासपीठही जवळजवळ सुटल्यातच जमा. मला बोलता येतं, अप्पा, तुमच्यासारखं नाही. कलबुर्गीपासून उदगीरपर्यंत लोक मला बोलावतात. आमच्यातला एक तरुण पाळक कालच म्हणाला, "अक्का, तुमच्या तोंडात वचन हाय. हे झंझट कामून घ्यायलाव? तंबू ठोकायला कुनी बी मिळंल." पण तुमच्या माघारी जत्रा बंद पडायलीय. कानडी उपासनावाले म्हणतात आमचा मांडव वेगळा, मराठीवाले म्हणतात मग आमचाही वेगळा. मी दोन्हीकडं जाऊन एकीवर बोलले. दोन्हीकडं लोक रडले. मग डोळे पुसून आपापल्या वेगळ्या मांडवाची बोलणी करायला गेले. परत येताना बसमध्ये मला तुमची छत्री आठवली.

इथवर लिहून उठले नि बिशपांना फोन केला. हो म्हटलं. त्यांना दुसरं काही बोलता येण्याआधीच यंदाची जत्रा मीच मांडू का, हे विचारून घेतलं आणि लगेच त्या तरुण पाळकाकरवी दोन निरोप धाडले. जनरेटर कानडीवाल्यांनी आणायचा. भोंगे मराठीवाल्यांनी. दुसरं कुणी काही आणायचं नाही. त्याचा उलटा फोन आला, "अक्का, कायतरी चुकलंय बघा." मी म्हटलं, "जा की रे."

फोन ठेवला नि हसू आलं, मग रडू आलं, काही विचारू नका. हा कागद कुठं पाठवायचा नाहीच, त्याच्यावरच आता डाळी गोळा करते. सगळ्या मिसळल्यात, एकत्रच शिजवीन. एक मात्र तुम्हालाच सांगते. प्रवचन झाल्यावर बायका येऊन माझे हात हातात घेतात, "काय बोललाव अक्का," म्हणतात, ते मला फार आवडतं. तेवढ्यासाठी मी दूरदूर जाते. आता ते मिळणार नाही, नि घसा आत्ताच कोरडा पडलाय. त्या दिवशी तांब्या पायाशी होता, अप्पा. तुम्ही तो न उचलता कसे बसलात?