तुझ्या नावानं काढलेले खड्डे

प्रिय त्रिशलाताई,

तू गेल्यावर तुला पत्र लिहायचं नाही, असं मी ठरवलं होतं. गेलेल्या माणसांना पत्रं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. उत्तर येणार नाही याची खात्री असली की माणूस फार गोड लिहायला लागतो. पण परवा रविवारी तुझ्या माळावर जे झालं, ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. दुसऱ्या कुणाला सांगू? ज्यांना सांगावं, ते सगळे त्यात सामील होते. मीसुद्धा!

तर ऐक. कवठे महांकाळच्या पुढच्या ज्या माळावर तू बावीस वर्षं गवत मोजलंस, त्या माळावर तुझ्या नावानं जंगल लावायचं ठरलं होतं.

हो, जंगल. नीट ऐकलंस. आता ओरड.

तुझ्या त्या गावातले माजी सैनिक एकत्र आले. पुढाकार सुभेदारतात्यांचा. त्यांच्या दोन्ही मुली कॉलेजात तुझ्याकडं प्राणिशास्त्र शिकल्या, त्यामुळं तुझ्यावर त्यांची भारी श्रद्धा. त्यांनी मला फोन केला. "सर, बाईंचं नाव माळावर ऱ्हायलं पायजे. शंभरावर खड्डे काढून तयार हायती. तुमी पाहुणे. येताना रक्षा तेवढी आणा."

आपल्याकडं हल्ली रक्षा नदीत सोडत नाहीत, खड्ड्यात टाकून वर झाड लावतात. चांगली चाल आहे. कृष्णा तेवढीच कमी मळते. मी स्वतः पेपरातल्या माझ्या सदरातून तिचं कौतुक केलंय. तुझी थोडी रक्षा कपाटात डब्यात ठेवलेलीच होती. मी फोनवर म्हणालो, "येतो."

येतो! एवढंच. माळ हा शब्द कानावर पडूनसुद्धा माझ्या डोक्यात काही वाजलं नाही. वीस वर्षं दुसऱ्यांच्या बिनडोकपणावर लिहून पोट भरणारा तुझा भाऊ!

मग भाषणात सांगायला एखादा किस्सा मिळावा म्हणून तुझी वही उघडली. ती हिरव्या पुठ्ठ्याची. तुझं ते अक्षर! कोंबडीनं उकरल्यासारखं. तिसऱ्या की चौथ्या पानावर धाविक पक्ष्याबद्दल लिहिलंय. उघड्या जमिनीवर अंडी घालतो, घरटं म्हणून काही करतच नाही, आणि पुढं दोनदा अधोरेखित: "झाड आलं की त्यावर कावळा बसणार. कावळ्याला वरून अंडी दिसणार. धाविक माळ सोडणार."

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली.

आठवतं का, मी एकदा उघड्या माळांवर झाडं लावा म्हणून लेख लिहिला होता आणि तू सकाळी सात वाजता फोन केला होतास? "सुक्या, माळावर झाडं लावणं म्हणजे तळ्यात मुरूम टाकणं. माळ रिकामा नसतो. तुला दिसत नाही म्हणून रिकामा?" मी म्हणालो होतो, चहा तरी पिऊ दे. तू फोन ठेवलास. आता वाटतं, चहा नंतर प्यायला असता तर काय बिघडलं असतं?

आणि खरी गंमत पुढंच आहे. हे जंगल सुभेदारांच्या डोक्यात आलं कुठून? माझ्या मृत्युलेखातून! तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी मी लिहून दिलं: "झाडाझुडपांवर जिवापाड प्रेम करणारी माझी बहीण." संपादकांना मजकूर घाईनं हवा होता, मला रडू येत होतं, आणि निसर्गाचं काम करणारा माणूस गेला की जे वाक्य हाताशी तयार असतं, ते मी उचललं. सुभेदारांनी ते कात्रण फ्रेम करून शाळेत लावलंय. तुझ्या फोटोला हार, शेजारी माझं खोटं वाक्य, त्यालाही हार.

तर मी डबा घेऊन गेलो. फोन करून आधीच थांबवायला हवं होतं, हे मला कळत होतं. पण एवढ्या प्रेमानं खड्डे काढणाऱ्या माणसाला फोनवर नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. म्हटलं, जाऊन भाषणात बोलू. बोलण्यात तर आपण हुशार!

ताई, माळ ओळखू येईना. दोरी लावून काढलेल्या ओळी, परेडला उभ्या असल्यासारख्या. काळ्या पिशव्यांतली गुलमोहोर आणि गिरिपुष्पाची रोपं. वरच्या अंगाला तर यंत्रानं लांबलचक चरही मारलेले. आणि दोन खड्ड्यांच्या मध्ये छोट्या दगडांचं एक गोल कडं. त्यात धाविकाची दोन अंडी! मातीच्याच रंगाची. दाखवली नसती तर माझा पाय पडला असता.

"घावली तशी जपून ठेवलीत," सुभेदार म्हणाले. "पोरांना सांगितलं, हितं कुदळ लावायची न्हाई. बाईंची पाखरं हायती. आता शेजारी गुलमोहोर आला की सावली बी हुईल त्यास्नी."

सांग, या माणसाला मी काय म्हणणार होतो? वाईट माणसाशी भांडता येतं. तू तरी काय म्हणाली असतीस? तू बोललीच नसतीस, खाली बसून अंडी बघत राहिली असतीस. अवघड बोलणं नेहमी माझ्यावर ढकलायचीस. आपल्या लग्नांच्या वेळीसुद्धा आईशी कोण बोललं होतं?

आई बिचारी! तिला शेवटपर्यंत वाटायचं, ही मुलगी गवतावर जपून पाय ठेवते, किडामुंगीसुद्धा मोजते, म्हणजे धर्मच पाळते. जैन बस्तीत दर्शनाला येणाऱ्या बायकांना तेच सांगायची. तू किड्यांना बाटलीत घालतेस हे आपण तिला कधीच सांगितलं नाही.

असो. भाषणाला उभा राहिलो आणि माती खाल्ली. मला एकच भाषा येते, चिमटे काढायची. म्हणालो, आपल्याकडं माणूस जिवंत असताना त्याचं ऐकायचं नाही आणि मेल्यावर त्याच्या नावानं त्याला नको तेच करायचं, अशी रीत आहे. म्हणालो, उद्या एखादा कोळी गेला तर त्याच्या नावानं समुद्र बुजवाल. सांगलीत या वाक्याला टाळ्या पडल्या असत्या. तिथं कुणी हललं नाही.

सुभेदार उठले. चेहरा उतरलेला. "सर, आमी पंधरा दीस कुदळी मारल्यात. तुमी आमची चेष्टा कराय आलाय व्हय?"

खरंच सांगतो, शब्द सुचेना असं माझं आयुष्यात दोनदाच झालं. पहिल्यांदा दवाखान्यात, तुझ्यापाशी.

तेवढ्यात मागून आवाज आला. हौसाबाई. धनगराची म्हातारी, सत्तरी ओलांडलेली, काठीवर हनुवटी टेकून मेंढरांपुढं उभी. माळाला कुंपण घालून चराई बंद करणार म्हणून भांडायलाच आली होती. तुझ्यासाठी नव्हे, मेंढरांसाठी.

"आवं सुभेदार," ती म्हणाली, "बाई झाडं बघाय कवा आली हुती? झाडं बघणारं माणूस वर बघतंय. ती तर जलमभर खाली मान घालून फिरली!"

कुणीतरी हसलं. सुभेदारांना ते लागलं. "मग काय बघत हुती?"

"गवात. ती लाकडाची चौकट टाकायची आन् आत बसायची मोजत. मी म्हणायचे, बाई, मोजून वाढतंय व्हय? तर म्हणायची, कमी झालं तर कळंल तरी."

माझ्या पिशवीत तुझी वही होती. ती काढली आणि गवतांची जी नावं वाचता आली ती मोठ्यानं वाचायला लागलो. कुसळी. हौसाबाई म्हणाली, "कुसळं धरायच्या आत मेंढरं घालायची. मागनं त्यांच्या तोंडात रुतत्यात." मारवेल. "त्ये लय ग्वाड. मेंढरं आधी त्येच हुडकत्यात." पवन्या. "दुधाच्या जनावराला द्यावा." मी नाव वाचायचं, तिनं पुढचं सांगायचं. वहीत तसंच लिहिलेलं! कुठलं गवत कशाबरोबर येतं, कुठल्याच्या बुडाशी चंडोल अंडी घालतो, मेंढरं कधी फिरवली की गवत दाटतं आणि कधी फिरवली की मरतं. पानामागून पान. ती बोलत होती आणि मी ओळीवर बोट ठेवून पडताळत होतो. एका ठिकाणी मी चुकीचं वाचलं, तर तिनं मला थांबवलं. वहीत पुन्हा बघितलं, तिचंच बरोबर होतं.

एवढ्यात सुभेदार जरा वेगळ्याच आवाजात म्हणाले, "आमच्या म्हातारीचं छप्पर कुसळीचं हुतं."

मग अंड्यांचं वाचलं. झाड, कावळा, धाविक. ते दगडांच्या कड्याकडं बघत राहिले. गुलमोहोराचं रोप त्यांच्याच हातात होतं.

"मग ह्ये आमाला आधी कुणी का न्हाई सांगितलं?" त्यांनी विचारलं.

ताई, या प्रश्नाचं उत्तर मी तुझ्याकडं मागतो. का नाही सांगितलंस? बावीस वर्षं! परदेशातल्या नियतकालिकांत तुझे निबंध छापून आले. मी त्यातला एकही वाचला नाही, माझी लायकी नाही. पण या गावासाठी मराठीत एक पानभर तरी लिहिलंस का? त्यांच्या पोरी शिकवल्यास, त्यांच्या घरची भाकरी खाल्लीस, त्यांच्या माळावर उन्हात बसलीस, आणि माळ काय चीज आहे हे इंग्रजीत जाऊन दुसऱ्यांना सांगितलंस! ते बिचारे तुला झाडवाली बाई समजले, त्यात त्यांची काय चूक?

त्यांना उत्तर दिलं ते हौसाबाईनं. "आता कळलं न्हवं? बुजवा."

सुभेदारांनी रोप खाली ठेवलं. मागं वळून म्हणाले, "खड्डे बुजवायचे. रोपं शाळंच्या आवारात आन् वढ्याच्या कडंनं जात्याल." कुणीतरी कुरकुरलं, "काढा म्हणालासा, काढलं. आता बुजवा म्हणताय." तर सुभेदार म्हणाले, "फौजेत कदी केलं न्हाईस का रं?" यावर मात्र सगळे हसले. कुदळी पुन्हा उचलल्या गेल्या.

रक्षेचं काय करावं कळेना. डबा परत नेतो म्हटलं तर सुभेदार म्हणाले, "परत न्हेत न्हाईत सर." मग एका खड्ड्यात रक्षा टाकली आणि वर माती लोटली. सवयीनं सुभेदारांचा हात रोपाकडं गेला. हौसाबाईनं काठी आडवी धरली.

आता तुला वाटेल, चला, माळ वाचला. कसला वाचतोय! यंत्रानं चर मारले तिथली जुनी माती उपसून पडलीय. तिथं आता तण माजेल, गवत कधी येईल ते तूच मोजून सांगितलं असतंस. आणि सरकारदरबारी तो माळ अजून पडीकच आहे. निघताना सुभेदार गाडीपर्यंत आले. "औंदा आमी थांबिवलं. फुडल्या साली वरनं झाडं लावायचा हुकूम आला तर आमचं कोण ऐकतंय? कागुद पायजे सर. मराठीत."

म्हणून घरी आल्यावर तुझे निबंध काढले, शब्दकोश घेऊन बसलो. दोन दिवस त्यातच गेले. आणि एक गोष्ट सापडली, ती तुला विचारल्याशिवाय राहवत नाही. प्रत्येक निबंधाच्या शेवटी तू आभार मानलेत. विद्यापीठाचे, मार्गदर्शकांचे, फोटो काढणाऱ्याचे, सगळ्यांचे नावानिशी. आणि मग एक ओळ: स्थानिक माहितगार. बस्स! ज्या बाईनं तुला मेंढरांमागं फिरवून गवत ओळखायला शिकवलं, तिला नाव नाही? तुझ्या वहीत पानापानावर "हौ. म्हणते, हौ. म्हणते" आहे की गं! छापताना कुठं गेली हौ.? मला मृत्युलेखात चुकलास म्हणायचा तुला हक्क आहे, ताई. पण मीही तुला एवढं म्हणणारच. तू अशी नव्हतीस. घाई होती का? की तिकडच्या लोकांना मेंढरं राखणारी बाई चालली नसती? की तुझ्याही लक्षातच आलं नाही?

उत्तर येणार नाही, माहीत आहे. म्हणून मी ठरवूनच सांगतो.

माळाचं पुस्तक मी करणार आहे. लहान, मराठीत, सुभेदारांना मोठ्यानं वाचता येईल असं. सदरात आधी माझ्या मृत्युलेखाची दुरुस्ती छापीन, की माझी बहीण झाडांसाठी नव्हे, गवतासाठी जगली. मग दर महिन्याला माळावर जाईन. काल सुभेदारांच्या फोनवर हौसाबाईशी बोलणं झालंय. "मी बोट दावते, तुमी लिवा. पर बाईवाणी वाकून बघाय लागंल, खुर्चीत बसून न्हाई." माझे गुडघे तुला ठाऊक आहेत. तरी वाकेन.

आणि पुस्तकावर दोन नावं असतील. पहिलं हौसाबाईचं, पूर्ण, आडनावासकट. त्याखाली तुझं. हे मी तिला सांगितलं, तर म्हणाली, "मला वाचाय कुठं येतंय? तुमीच वाचून दावा." वाचून दाखवीन. तुला राग आला तर खुशाल ये. पण नावांची ओळ मी बदलणार नाही.

तुझा धाकटा,
सुकुमार
(तुझ्या भाषेत सुक्या)