आनंदीच्या मुंग्या

मी, बिंदुमाधव गोविंद आठल्ये, वय वर्षे एक्याऐंशी, निवृत्त अध्यापक, राहणार मंगलागौरी, वाराणसी, हे मृत्युपत्र स्वहस्ते आणि स्वखुशीने लिहीत आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य वकील सगळ्यांकडूनच लिहून घेतात. मी ते डॉक्टरांसमोर लिहीत आहे, कारण आमच्या घरात कोणाची बुद्धी शाबूत आहे हे त्याच्या बोलण्याचे भाषांतर कोण करतो यावर ठरते.

१. मंगलागौरीच्या देवळामागचे दुमजली घर मी स्वतःच्या मिळकतीतून घेतले. त्यात वडिलोपार्जित काही नाही. माझी धाकटी विधवा बहीण आनंदी हिने या घरात हयातभर राहावे. वरची नदीकडची खोली आणि गच्ची तिच्या एकटीच्या वापराची. तिला तिथून कोणी हलवू नये. आश्रमात नाही, रुग्णालयात नाही, ‘थोडे दिवस हवापालटाला’ म्हणूनसुद्धा नाही. तिच्या मागे घर माझी मुलगी ऋता हिचे.

२. इतके कडक शब्द का, ते लिहून ठेवतो, म्हणजे माझा मुलगा अनिमेष उद्या न्यायालयात ‘बाबा भावनेच्या भरात होते’ असे म्हणणार नाही. मी भरात बोलतो, लिहीत नाही.

आनंदीचा एक जुना टीव्ही आहे, गच्चीवरच्या अँटेनावर चालणारा. संध्याकाळच्या बातम्या ती त्यावर ऐकायची. काही वर्षांपूर्वी हवेतून येणारे जुने प्रक्षेपण बंद झाले. आता सगळे डिजिटल होणार, चित्र आरशासारखे दिसणार, अशी भाषणे झाली. मी आयुष्यभर भाषणेच केली आहेत. भाषण कुठे पोकळ आहे ते मला लगेच ऐकू येते. नवे प्रक्षेपण आमच्या गच्चीवरच्या अँटेनाच्या काठीपर्यंत काही पोचले नाही. प्रगती वाटेत कुठेतरी चहा प्यायला थांबली असावी. जुने मात्र अगदी वेळेवर बंद झाले. तशी सूचना पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत सरकत होती म्हणे. आनंदीला मोतीबिंदू आहे.

मग तिच्या पडद्यावर मुंग्या आल्या. मराठी घरात याचा अर्थ पोराटोरांनाही कळतो: चित्र गेले, काळे-पांढरे ठिपके वळवळू लागले. ती रोज संध्याकाळी टीव्ही लावी, गुडघे धरत गच्चीवर जाऊन काठी फिरवी आणि वरून विचारी, “अनिमेष, मुंग्या गेल्या का रे?” चिरंजीव मोबाइलमधून मान वर न करता म्हणत, “नहीं आत्या, अभी हैं.”

हेच चिरंजीव तिला गुडघे दाखवायला डॉ. विश्वेश पाठक यांच्याकडे घेऊन गेले आणि सांगून आले, “बुआ को रोज़ शाम चींटियाँ दिखती हैं. हमसे पूछती हैं, गईं कि नहीं.” डॉक्टरांनी जे लिहायचे ते लिहिले: भास होतात. वर गोळ्या दिल्या. आनंदी जेवता जेवता ताटावर पेंगू लागली. “दादा, वय झालं बघ माझं,” असे मलाच म्हणाली.

इथवर नुसता मूर्खपणा होता. मूर्खपणासाठी मी कोणाला दूर करत नाही. तसे केले असते तर माझ्या निम्म्या सभांना अध्यक्ष मिळाले नसते. पण नदीकडची खोली अनिमेषला यात्रेकरूंना भाड्याने द्यायची होती. तो डॉक्टरांचा कागद घेऊन माझ्यासमोर बसला. “बाबा, आत्याचं दिमाग ठीक नाहीये. वृंदावनला चांगला आश्रम आहे. तुम्ही फक्त साइन करा.” कागद वाचून मी त्याला दंडाला धरून टीव्हीसमोर उभे केले. म्हटले, “या त्या मुंग्या, गाढवा.” त्याने पाहिले. त्याला कळले. मग म्हणाला, “पण बाबा, रिपोर्ट तर बनलाय ना.”

या एका वाक्यापायी त्याला घर मिळणार नाही.

डॉक्टरांकडे मी स्वतः गेलो आणि मुंग्या म्हणजे काय ते सांगितले. ते आधी हसले, मग त्यांनी कागद मागून घेतला. “आपके यहाँ उसको चींटी कहते हैं? हम लोग तो मच्छर कहते हैं.” मी म्हटले, “तब तो डॉक्टर साहब, पूरे बनारस को गोली दीजिए.” त्यांनी तो कागद माझ्यादेखत रद्द केला. चूक कळल्यावर माघार घेणारा सुशिक्षित माणूस मला या शहरात क्वचित भेटला, म्हणून साक्षीला त्यांनाच बोलावले आहे.

३. येणार असलेल्या यात्रेकरूंसाठी अनिमेषने आधीच गच्चीवर बसवून ठेवलेली डिजिटल छत्री (डिश) आणि तिचा सेट-टॉप डबा अनिमेषलाच. त्याने ते महिन्याभरात उतरवून न्यावे. त्याला ते शोभतात. जुने चित्र अशक्त व्हायचे, करडे पडायचे, तरी त्यातला माणूस ओळखू यायचा. डिजिटल चित्र एकतर लख्ख, नाहीतर निळा पडदा. चिरंजीव माणसांनाही हाच नियम लावतात. आत्या लख्ख राहिली नाही, म्हणजे आत्या संपली.

४. मणिकर्णिकेवर मला अग्नी ऋता देईल. अनिमेषने यावे, मागे उभे राहावे. यावर आमच्या पुरोहितांना काही म्हणायचे असेल तर त्यांनी ते आत्ताच म्हणावे, मी उत्तर देऊ शकतो तोवर.

पुस्तके ऋताची. माझ्या व्याख्यानांच्या ध्वनिफिती फेकून द्याव्यात. परवा ऐकल्या, आवाज फार मोठा आहे.

५. यातले पहिले आणि चौथे कलम आनंदीला वाचून दाखवले. ती म्हणाली, “दादा, पोराला इतकं टोचू नकोस. दे ती खोली, मी स्वयंपाकघरात निजेन.” तिच्या म्हणण्याची नोंद घेऊन मी ते फेटाळत आहे. तिने हक्क सोडल्याचा कोणताही कागद पुढे आला तर तो तिच्या चांगुलपणाचा पुरावा मानावा, संमतीचा नव्हे.

वाराणसी, दि. ११ फेब्रुवारी २०२४
(सही) बिंदुमाधव गोविंद आठल्ये

आम्हा दोघांच्या समक्ष सही झाली, आणि त्यांच्या समक्ष आम्ही केली:

१. (सही) कस्तुरी गद्रे, शिक्षिका, शेजारीण

२. (सही) डॉ. विश्वेश पाठक

डॉक्टरांनी सहीखाली हिंदीत जे लिहिले ते मराठीत देतो. भाषांतर माझे आहे, अनिमेषचे नाही:

“दोघा भावंडांना तपासले. बिंदुमाधवजी पूर्ण शुद्धीवर आहेत, रक्तदाब वाढलेला आहे. आनंदीजींची बुद्धी उत्तम आहे. मी निघताना त्यांनी विचारले, काठी कोणत्या दिशेला फिरवली म्हणजे बातम्या येतील. प्रक्षेपण बंद झाले हे त्यांना या घरात आजवर कोणीच सांगितले नव्हते. मी सांगितले.”